गुरुवारी वीज आली, पण वेबसाइट उठली नाही: सर्व्हरमधलं मॉड्यूल लोड होत नसेल तर काय करायचं

पुण्यात लहान ऑफिसचा सर्व्हर सांभाळणाऱ्याला गुरुवारची धास्ती असते. देखभाल-दुरुस्तीसाठी सकाळी वीज बंद होते, यूपीएसची बॅटरी तासाभरात मान टाकते आणि महिनोन् महिने न थांबलेलं मशीन त्या दिवशी पहिल्यांदा बंद होऊन पुन्हा सुरू होतं.

माझ्यावर हा प्रसंग आला तो ऐन ऑक्टोबरात, नारायण पेठेतल्या एका प्रकाशकांकडे. दिवाळी अंकांची आगाऊ नोंदणी ऑनलाइन चालू होती. उबुंटू या लिनक्सचं मशीन, त्यावर अपाचे वेब सर्व्हर (ब्राउझरला पानं पुरवणारा प्रोग्रॅम), अपाचेच्या आत पायथॉन ही भाषा चालवणारं मॉड-डब्ल्यूएसजीआय हे मॉड्यूल (सर्व्हरला जोडायचा पूरक भाग) आणि त्या पायथॉनवर नोंदणीचा प्रोग्रॅम. पावणेतीनला वीज आली, मशीन सुरू झालं, अपाचे मात्र काही केल्या सुरू होईना. ऑफिसातले काका माझ्या खुर्चीमागे उभे. "काल रात्रीपर्यंत तर व्यवस्थित चालू होतं हो. कुणी हात लावला का?" मी म्हणालो, "कुणीच नाही, काका."

माझं ते उत्तर चुकीचं होतं. हात लागला होता, पण अठरा दिवसांपूर्वी. ते कळायला मला संध्याकाळचे सहा वाजले. तोवर मी अपाचे दोनदा काढून पुन्हा टाकला होता आणि एक चांगली कॉन्फिग फाइल (सर्व्हरच्या सेटिंगची) गमावली होती. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

इथल्या सगळ्या आज्ञा आणि एररची वाक्यं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

आधी हे जवळ ठेवा

सूडोचा (अ‍ॅडमिनचे अधिकार देणाऱ्या आज्ञेचा) पासवर्ड, कागद-पेन आणि ज्याने हा सर्व्हर पहिल्यांदा उभा केला त्याचा फोन नंबर. शिवाय तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: लिनक्सचं व्हर्जन, वेब सर्व्हरचं व्हर्जन आणि आत चालणाऱ्या भाषेचं व्हर्जन. या तीन आकड्यांचं एकमेकांशी जुळत नाही, म्हणूनच बहुतेक वेळा मॉड्यूल लोड होत नाही. ते डोळ्यांसमोर असले की अर्धा तास वाचतो.

१. काहीही बदलण्याआधी एक प्रत काढा

/ईटीसी/अपाचे२ हे सगळं फोल्डर टार करून (एकाच फाइलीत बांधून) बाजूला ठेवा. रेड हॅटच्या घराण्यातलं लिनक्स असेल तर /ईटीसी/एचटीटीपीडी. /व्हार/लॉग मधले सर्व्हरचे लॉगही (घडामोडींच्या नोंदी) कॉपी करा, कारण तुम्ही दहा वेळा रीस्टार्ट मारलात की मूळ एरर त्या गर्दीत हरवते.

अनइन्स्टॉल करून पुन्हा इन्स्टॉल करायचा मोह आवरा. फाइल खराब झाली असेल तरच त्याचा उपयोग होतो आणि तसं क्वचितच असतं. त्यातही 'पर्ज' कधीच नको. पर्ज केलं की पॅकेजच्या कॉन्फिग फाइलीही पुसल्या जातात. माझी फाइल तशीच गेली.

२. शेवटची नव्हे, पहिली एरर वाचा

सिस्टमडी (लिनक्सवरच्या सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) तुम्हाला 'जॉब फॉर अपाचे२ फेल्ड' एवढंच सांगतो. त्यात माहिती काहीच नाही. खरी ओळ दोन ठिकाणी मिळते: 'जर्नलसीटीएल -यू अपाचे२' मध्ये आणि 'अपाचे२सीटीएल कॉन्फिगटेस्ट' चालवल्यावर. अपाचेऐवजी एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर 'एन्जिनएक्स -टी'. कॉन्फिगटेस्ट आणि 'एन्जिनएक्स -टी' या तपासण्या नुसतं व्याकरण पाहत नाहीत, मॉड्यूल खरोखर लोड करून बघतात. म्हणून चालू सर्व्हरला धक्का न लावता दोष सापडतो.

कॉन्फिगटेस्ट कधी कधी म्हणतो, 'इनव्हॅलिड कमांड डब्ल्यूएसजीआय-स्क्रिप्ट-एलियस, परहॅप्स मिसस्पेल्ड'. नवा माणूस लगेच स्पेलिंग तपासायला बसतो. स्पेलिंग बरोबरच असतं. ती आज्ञा ज्या मॉड्यूलची आहे ते लोडच झालेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. 'ए२एनमॉड डब्ल्यूएसजीआय' चालवून पाहा, किंवा मॉड्स-एनेबल्ड फोल्डरमध्ये त्या नावाची डॉट-लोड फाइल आहे का ते बघा.

३. त्या ओळीचा नेमका अर्थ लावा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एरर सात-आठ प्रकारच्याच असतात आणि प्रत्येकीचं कारण वेगळं असतं.

*'कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल: नो सच फाइल'*

माझी एरर हीच होती. या ओळीत दोन नावं असतात आणि घोळ तिथेच होतो. पहिलं नाव मॉड्यूलचं: कॅनॉट लोड मॉड-डब्ल्यूएसजीआय डॉट-एसओ. पुढे विसर्गासारखे दोन ठिपके आणि मग दुसरं नाव: लिबपायथॉन३.८ डॉट-एसओ. मी पहिलं नाव वाचलं, ती फाइल जागेवर दिसली आणि 'आहे तर, मग नाही कसं म्हणतोय?' यावर तासभर अडलो. हरवलेली फाइल दुसऱ्या नावाची असते. मॉड्यूल जागेवर होतं, पण ते ज्या लायब्ररीच्या (इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडच्या फाइलीच्या) आधारावर उभं राहतं तीच नव्हती.

खात्री करायला 'एलडीडी' लिहून पुढे मॉड्यूलचा पूर्ण पत्ता द्या. ज्या ओळीपुढे 'नॉट फाउंड' येईल ती लायब्ररी हरवली आहे. कुठून तरी उतरवलेल्या अनोळखी फाइलीवर मात्र एलडीडी चालवू नका, काही परिस्थितीत त्या फाइलीतला कोड चालू शकतो. तिथे 'रीडएल्फ -डी' वापरा. ते नुसतं वाचतं, काही चालवत नाही.

*'अनडिफाइन्ड सिम्बॉल'*

इथे फाइल सापडली, उघडली, पण तिला हवं असलेलं एखादं फंक्शन कुठेच मिळालं नाही. बहुधा मॉड्यूल एका व्हर्जनसाठी बांधलेलं असतं आणि लायब्ररी दुसऱ्या व्हर्जनची असते. कधी नुसता क्रम चुकलेला असतो. एन्जिनएक्समध्ये लुआ या भाषेचं मॉड्यूल लोड करताना 'एनडीके' ने सुरू होणारं नाव सापडत नाही अशी एरर आली, तर एनडीकेचं (लुआच्या मॉड्यूलला लागणारं) मॉड्यूल आधी आणि लुआचं त्याच्यानंतर लोड करा. कॉन्फिग फाइलीतल्या दोन ओळी वरखाली केल्या की काम होतं.

*'मॉड्यूल स्ट्रक्चर इज गार्बल्ड, एक्स्पेक्टेड सिग्नेचर ४१५०३२३४'*

हा आकडा बघून घाबरायला होतं, पण तो वाचता येतो. दोन-दोन अंकांच्या जोड्या करा: ४१, ५०, ३२, ३४. संगणकाच्या अक्षरसंकेतात त्या अनुक्रमे ए, पी, २ आणि ४ होतात. म्हणजे अपाचे २.४. पुढे 'बट सॉ' म्हणून ४१५०३२३२ दिसलं, तर ते अपाचे २.२ साठी बांधलेलं जुनं मॉड्यूल आहे. जुन्या मशीनवरून डॉट-एसओ फाइल पेन ड्राइव्हवर आणली की हमखास असं होतं. ती फाइल सोडून द्या आणि आपल्या व्हर्जनचं पॅकेज टाका. मॉड्यूलचं नाव चुकीचं लिहिल्यावर येणारी एरर वेगळी असते. तिच्यात 'कान्ट लोकेट एपीआय मॉड्यूल स्ट्रक्चर' असे शब्द येतात. पीएचपी ही भाषा वापरणाऱ्यांना ती भेटते: ७ च्या मालिकेत मॉड्यूलचं नाव पीएचपी७_मॉड्यूल होतं, ८ पासून नुसतं पीएचपी_मॉड्यूल आहे. सवयीने पीएचपी८_मॉड्यूल लिहिलं की गाडी अडली.

एन्जिनएक्समध्ये याच दुखण्याला 'मॉड्यूल इज नॉट बायनरी कम्पॅटिबल' म्हणतात. तिथे 'एन्जिनएक्स -व्ही', मोठ्या व्हीने, चालवा. सर्व्हर कोणत्या पर्यायांनी बांधला आहे ते दिसेल. मॉड्यूल त्याच व्हर्जनच्या सोर्समधून, 'विथ-कम्पॅट' देऊन बांधायला हवं.

*'परमिशन डिनाइड'*

फाइलीची परमिशन ठीक दिसते, तरी नकार येतो. अशा वेळी 'नेमआय -एल' आणि पुढे पूर्ण पत्ता द्या. मुळापासून फाइलीपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरची परमिशन तो एकाखाली एक मांडतो. मधलंच एखादं फोल्डर बंद असतं. सगळं उघडं असूनही अडत असेल तर रेड हॅटच्या घराण्यात एसई-लिनक्सकडे (लिनक्समधल्या जादा सुरक्षा-व्यवस्थेकडे) वळा. होम फोल्डरमध्ये बांधलेलं मॉड्यूल तुम्ही 'एमव्ही' ने हलवलं, तर त्याच्यावरचं होम फोल्डरचं लेबल तसंच राहतं आणि अपाचेला ते उघडायची मुभा नसते. 'रिस्टोअरकॉन' चालवलं की लेबल जागेनुसार नीट होतं. एसई-लिनक्सच बंद करून टाका, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. एका लेबलसाठी घराचा दरवाजा काढून ठेवू नका.

'फेल्ड टू मॅप सेगमेंट' अशी एरर असेल, तर फाइल ज्या विभाजनावर आहे ते 'नोएक्झेक' (इथल्या फाइली चालवायच्या नाहीत) लावून माउंट केलेलं, म्हणजे जोडलेलं, आहे का ते पाहा.

*बाकीच्या*

'राँग एल्फ क्लास' म्हणजे ३२ बिट आणि ६४ बिटची गल्लत. 'जीलिबसी २.३४ नॉट फाउंड' (जीलिबसी ही लिनक्सची पायाभूत लायब्ररी) म्हणजे नव्या लिनक्सवर बांधलेलं मॉड्यूल जुन्या लिनक्सवर आणलंय. उबुंटू २०.०४ मध्ये जीलिबसी २.३१ आहे आणि २२.०४ मध्ये २.३५, म्हणून २२.०४ वर बांधलेलं मॉड्यूल २०.०४ वर सहसा चालत नाही. 'थ्रेडेड एमपीएम' चा (एमपीएम म्हणजे अपाचेने आलेल्या विनंत्या कशा हाताळायच्या ते ठरवणारं मॉड्यूल) उल्लेख करून पीएचपी अडत असेल, तर 'एमपीएम_इव्हेंट' बंद करून 'एमपीएम_प्रीफोर्क' चालू करा, नाहीतर सरळ पीएचपी-एफपीएमकडे जा. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण त्यात पीएचपी अपाचेच्या पोटात राहतच नाही.

४. मॉड्यूल लोड झालं, पण आतली भाषा उठत नाही

पायथॉनमध्ये याची खूण ठरलेली आहे: 'नो मॉड्यूल नेम्ड एन्कोडिंग्ज'. पायथॉनला स्वतःचं घरच सापडत नाहीये. कॉन्फिगमधल्या 'डब्ल्यूएसजीआय-पायथॉन-होम' पुढचा पत्ता तपासा. तिथे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं (एका प्रोग्रॅमपुरतं पायथॉन आणि त्याची पॅकेजं वेगळी ठेवण्याची सोय) मुख्य फोल्डर हवं, त्यातलं बिन नको. तो पत्ता अपाचेच्या युजरला वाचता येतो ना, हेही बघा.

मॉड-डब्ल्यूएसजीआय एकाच पायथॉन व्हर्जनसाठी बांधलेलं असतं, हे पक्कं ध्यानात ठेवा. ३.८ साठी बांधलेल्या मॉड्यूलला ३.१० चं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट दाखवून ते ३.१० होत नाही. उबुंटू २०.०४ सोबत पायथॉन ३.८ येतं, २२.०४ सोबत ३.१० आणि २४.०४ सोबत ३.१२. लिनक्स अपग्रेड केलं की व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट नव्याने बनवा आणि त्यात पॅकेजं पुन्हा टाका. जुनं फोल्डर उचलून ठेवलं तर सीमध्ये लिहिलेली पॅकेजं आत गेल्यावर अडतील.

५. काय बदललं, आणि कधी

एररचा अर्थ कळला तरी ही पायरी गाळू नका. सर्व्हर आज बंद पडला म्हणून दोष आजचाच, असं धरून चालणं हीच या सगळ्या प्रकारातली सगळ्यात महागडी चूक आहे.

चालू असलेल्या प्रोग्रॅमने एखादी लायब्ररी मेमरीत घेतली की नंतर ती डिस्कवरून पुसली तरी त्याचं काम चालूच राहतं. प्रोग्रॅम बंद होईपर्यंत लिनक्स ती फाइल त्याच्यासाठी जपून ठेवतं. नव्याने सुरू होताना मात्र ती सापडत नाही. प्रकाशकांकडे नेमकं हेच घडलं होतं. डिस्क भरत आली होती म्हणून तिथल्या मदतनीस मुलाने /ऑप्ट मधलं पायथॉन ३.८ चं फोल्डर काढून टाकलं. ऑफिसात सगळे नवं पायथॉन वापरत होते, त्यामुळे हे निरुपयोगी आहे असं त्याला वाटलं. त्याच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. अपाचे पुढे अठरा दिवस मेमरीतल्या प्रतीवर चालत राहिला.

त्या अठरा दिवसांत सूचना मिळत होती, हे नंतर पाहिलं तेव्हा फार लागलं. उबुंटूवर लॉगरोटेट हा प्रोग्रॅम रोज अपाचेचे लॉग बदलतो (जुनी फाइल बाजूला ठेवून नवी उघडतो) आणि त्याला रीलोड व्हायला सांगतो. रीलोड होण्याआधी कॉन्फिगटेस्ट होतो. तो नापास झाला की रीलोड टळतं आणि जुना अपाचे आहे तसा चालत राहतो. पण त्याने जुनी लॉग फाइलच धरून ठेवलेली असते. त्यामुळे एरर डॉट लॉग शून्य बाइटची आणि एरर डॉट लॉग डॉट १ दिवसेंदिवस वाढत जाणारी, असं उलटं चित्र दिसतं. अॅक्सेस लॉगचंही तेच. हे दृश्य कुठे दिसलं, तर तुमचा सर्व्हर पुढच्या रीस्टार्टला उठणार नाही असं समजून लगेच कॉन्फिगटेस्ट चालवा.

म्हणून शोध घेताना 'लास्ट रीबूट' ने मागची सुरुवात कधी झाली ते पाहा आणि त्या तारखेपासून आजपर्यंतचं सगळं चाळा: /व्हार/लॉग/एपीटी मधली हिस्टरी फाइल, डीपीकेजीचा लॉग, रेड हॅटकडे 'डीएनएफ हिस्टरी'. आपोआप होणारे सुरक्षा-अपडेट आणि 'ऑटोरिमूव्ह' (नको झालेली पॅकेजं काढणारी आज्ञा) यांवर विशेष लक्ष द्या. हाताने पुसलेलं यातल्या कशातच दिसत नाही. त्यासाठी ऑफिसातल्या माणसांनाच विचारावं लागतं. विचारताना 'कुणी बिघडवलं?' असं नको. 'गेल्या महिन्यात जागा करायला काय काय काढलं?' असं विचारा. त्या मुलाने मला दोन मिनिटांत सगळं सांगितलं.

६. दुरुस्ती, आणि तिच्यातले सापळे

शक्य तिथे लिनक्सच्या भांडारातलंच पॅकेज वापरा. कोणत्या पॅकेजमध्ये हवी ती फाइल आहे हे 'एपीटी-फाइल सर्च' सांगतं. मी शेवटी हाताने बांधलेलं मॉड्यूल काढून उबुंटूचं मॉड-डब्ल्यूएसजीआयचं पॅकेज टाकलं आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट नव्याने बनवलं. पाऊण तासाचं काम होतं.

हे मात्र करू नका:

३.८ च्या नावाची लिंक बनवून ती ३.१० च्या लायब्ररीकडे वळवणं. लोड झाल्यासारखं दिसेल, मग भलत्याच ठिकाणी सर्व्हर कोसळेल आणि त्याचं कारण शोधणं याहून अवघड जाईल.

अडणारी लोडमॉड्यूलची ओळ कॉमेंट करून साइट 'निदान चालू' करणं. पीएचपीच्या बाबतीत हे धोक्याचं आहे. मॉड्यूल नसलेला अपाचे पीएचपी फाइल चालवत नाही, ती साधा मजकूर म्हणून जशीच्या तशी ब्राउझरला देऊ शकतो. त्यात डेटाबेसचा पासवर्ड लिहिलेला असला तर तोही जातो. तात्पुरती सोय हवी असेल तर 'काम चालू आहे' असं एक साधं एचटीएमएल पान लावा.

'इफमॉड्यूल' च्या (मॉड्यूल असेल तरच आज्ञा पाळ, या अटीच्या) कंसात आज्ञा टाकून एरर गप्प करणं. सर्व्हर सुरू होतो, आज्ञा मुकाट्याने वगळली जाते आणि तुम्ही दिवसभर रिकामं पान बघत बसता.

लायब्ररी नेहमीच्या जागेबाहेर असेल, तर नुसतं टर्मिनलमध्ये एलडी-लायब्ररी-पाथ (लायब्ररी कुठे शोधायची तो पत्ता) देऊन भागत नाही. तुमच्या टर्मिनलमधली ती सोय सिस्टमडीने सुरू केलेल्या सर्व्हिसपर्यंत पोचत नाही. हाताने चालवल्यावर 'सिंटॅक्स ओके' आणि सर्व्हिस म्हणून नापास, असं झालं तर आधी हेच तपासा. /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये त्या फोल्डरचा पत्ता लिहा आणि 'एलडीकॉन्फिग' चालवा. अपाचेतच हवं असेल तर लोडमॉड्यूलच्या आधी 'लोडफाइल' ने ती लायब्ररी लोड करता येते.

झालं की रीलोडवर समाधान मानू नका. पूर्ण बंद करून सुरू करा. 'अपाचे२सीटीएल -एम', इथेही मोठा एम, चालवून यादीत मॉड्यूलचं नाव बघा आणि मग साइटवर एक खरी नोंदणी करून पाहा. शक्य असेल तर मशीनही एकदा रीबूट करा, तुम्ही समोर बसलेले असतानाच.

७. बुधवारची तपासणी

प्रकाशकांकडे आता हे ठरलेलं काम आहे. बुधवारी संध्याकाळी, ऑफिस बंद व्हायच्या दोन तास आधी, तो मुलगा कॉन्फिगटेस्ट चालवतो, लॉग फाइलींचे आकार बघतो आणि 'एलएसओएफ' च्या (उघड्या फाइली दाखवणाऱ्या आज्ञेच्या) यादीत अपाचेसमोर 'डीईएल' किंवा 'डिलीटेड' अशी खूण लागलेली कुठली डॉट-एसओ फाइल आहे का ते शोधतो. तशी दिसली, तर ती डिस्कवरून गेली किंवा बदलली आहे आणि अपाचे अजून जुनी प्रत वापरतोय. नुसत्या सुरक्षा-अपडेटनंतरही ही खूण दिसते, म्हणून ती दिसल्यावर कॉन्फिगटेस्टचा निकाल महत्त्वाचा.

कॉन्फिगटेस्ट नापास झाला, तर चालू असलेला सर्व्हर बंद करू नका, रीस्टार्ट तर मुळीच मारू नका. नोंदणी त्या जुन्या प्रतीवर चालू राहू द्या, पायरी १ पासून सुरुवात करा आणि कॉन्फिगटेस्ट पास झाल्यावरच, वीज जाण्याआधी, स्वतःच्या हाताने सर्व्हर एकदा बंद करून सुरू करा.